लेकीचा वाढदिवस आणि लेकीचे गुण

अक्कलकोटमध्ये मुलीचा वाढदिवस बऱ्याच घरांत दोनदा होतो. तिथी आजीच्या ध्यानात असते, तारीख शाळेच्या दाखल्यावर आणि मैत्रिणींच्या मोबाइलमध्ये. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येते. १९ सौरवर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. म्हणून मुलीला एकोणीस पुरी होतात त्या वर्षी तिथी आणि तारीख एकाच दिवशी येतात, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने.

तिथीच्या वाढदिवसाचा विधी सांगणारा ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ सोलापूर जिल्ह्यातलाच. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी तो १७९०च्या सुमारास लिहिला. त्यातल्या वर्धापनविधीत तीळ लावून स्नान, मार्कंडेयासह चिरंजीवांचे पूजन आणि तीळ-गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध सांगितले आहे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवासाला निघू नये आणि भांडण करू नये, असाही नियम आहे. पंधरा वर्षांची मुलगी असलेल्या घराने इतर काही पाळले नाही तरी हा शेवटचा नियम जरूर पाळावा.

आज वाढदिवसाच्या विधींपैकी औक्षण तेवढे घरोघरी उरले आहे. पाटाभोवती रांगोळी, ताटात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि आईच्या बोटातली सोन्याची अंगठी. मुलीला कुंकू लावून डोक्यावर अक्षता टाकायच्या, अंगठी आणि सुपारी चेहऱ्याभोवती फिरवून ताटाच्या कडेला टेकवायची आणि मग निरांजनाने ओवाळायचे. मिनिटभराचे काम; पण तेवढा वेळ आईची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शाळा, क्लास आणि परीक्षा यांच्या धावपळीत असे निवांत बघणे एरवी फारसे होत नाही.

अक्कलकोट कर्नाटकाच्या सीमेवरचे. इथल्या कितीतरी मुली अज्जीशी कन्नडमध्ये बोलतात आणि त्याच दमात मैत्रिणीला मराठीत उत्तर देतात. वाढदिवसाच्या ताटातही हा शेजार दिसतो. कुठे पुरणपोळी, कुठे शेंगापोळी, कुठे गव्हाची हुग्गी, संध्याकाळी केक. सकाळी वटवृक्ष मंदिरात स्वामी समर्थांचे दर्शन घेऊन येणे हा बहुतेकांचा रिवाज. १९८८ साली सुरू झालेल्या स्वामी समर्थ अन्नछत्रात भाविकांना रोज मोफत महाप्रसाद मिळतो, आणि वाढदिवसानिमित्त अन्नदानासाठी देणगी देणारी कुटुंबे गावातली असतात तशी बाहेरगावचीही असतात.

मुलीच्या वयाचा असा आनंद जुना नाही. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात तिची वर्षे मोजली जात ती लग्नासाठी. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली, अकराव्या वर्षी झाले, आणि ते काही लवकर मानले गेले नाही. सारडा कायद्याने १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाची किमान मर्यादा १४ वर्षे केली. ती १८ व्हायला १९७८ उजाडले. तेरा ते अठरा ही वर्षे मुलीला स्वतःसाठी मिळाली ती अशी, कायदा आणि शाळा या दोन्हींच्या जोरावर.

तुरुंगात असलेल्या एका बापाने लेकीचा तेरावा वाढदिवस कसा साजरा केला, ते पुस्तकरूपाने वाचायला मिळते. जवाहरलाल नेहरूंनी २६ ऑक्टोबर १९३० रोजी नैनी तुरुंगातून इंदिरेला पत्र लिहिले. तिची जन्मतारीख १९ नोव्हेंबर. त्या वर्षी तिथी २४ दिवस आधी आली होती. तुरुंगातून भेटवस्तू धाडता येत नाही, म्हणून विचारांचीच भेट. त्यात ‘गुणी हो’ असा मोघम आशीर्वाद नाही. कोणती गोष्ट करावी असा प्रश्न पडला, तर ती लपवून करावीशी वाटते का हे आधी तपासून बघ, अशी साधी कसोटी तिच्या हाती दिली आहे. या पत्राने सुरू झालेली माला पुढे ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ या ग्रंथात आली.

आशीर्वादासारखे कौतुकही नेमके असावे, याला अभ्यासाचाही आधार आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. ‘हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले पुढे सोप्या कोड्यांकडे वळली. ‘मेहनत घेतलीस’ असे ऐकलेल्यांनी अवघड कोडी मागून घेतली. वाढदिवसालाही हे लागू करता येते. ‘आमची लेक फार हुशार’ यापेक्षा ‘गणित तीनदा चुकले तरी वही मिटली नाहीस’ हे वाक्य तिच्या अधिक कामी येते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. ‘गुणी’ आणि ‘समंजस’ हे शब्द मुलीला अनेकदा ती उलट बोलत नाही, काही मागत नाही, भावासाठी माघार घेते यासाठीच मिळतात. आईबापांच्या सोयीच्या वागण्याला गुण म्हणणे सोपे असते. वाढदिवशी कौतुक करायचेच तर न पटलेल्या गोष्टीचे कारण विचारणाऱ्या, रांगेत मागून घुसणाऱ्याला अडवणाऱ्या, भावाइतकाच वेळ मैदानावर मागणाऱ्या लेकीचेही व्हावे. हट्टी म्हणून जिला दटावले जाते, तिच्यातला ठामपणा घरातल्यांनी ओळखला नाही तर बाहेर कोण ओळखणार?

हे कुठे बोलायचे, तेही महत्त्वाचे. या वयातल्या मुलीला पाहुण्यांसमोरच्या स्तुतीने अवघडायला होते. वहीच्या पानावर लिहून दिलेल्या चार ओळी ती जपून ठेवते. तिचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी तिला विचारावे. केक कोणासोबत कापायचा हेही तिलाच ठरवू द्यावे.

अठराव्या वाढदिवसाला मात्र सरकारी कागदांचीही जोड असते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते १९८९ मध्ये, ६१व्या घटनादुरुस्तीने. आता मतदारयादीसाठी वर्षात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख धरली जाते, आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलीला नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. त्यावर सही तिची स्वतःची लागते.