चाकांवरचे घर कोणत्या वाटेने न्यावे?



गेल्या मे महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेहून पत्र आले. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर या शहरी तो नोकरीनिमित्त राहतो. जुलैमध्ये त्याचे आईवडील साताऱ्याहून तिकडे जाणार होते. त्यांना आणि आपल्या दोन मुलांना घेऊन युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीपर्यंत प्रवास करण्याचा त्याचा बेत होता. त्यासाठी त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. बसएवढ्या गाडीत झोपण्याच्या जागा, छोटे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, न्हाणीघर, सारे काही असते. अशा गाडीच्या मागे पुष्कळ लोक ट्रेलर जोडतात आणि त्यावर घरची लहान मोटार चढवतात. मुक्कामाला पोचल्यावर गावात हिंडायला ती बरी पडते. माझ्या विद्यार्थ्यानेही तेच ठरवले होते. त्याने लिहिले होते, "सर, नकाशावर दोन रस्ते दिसतात. दोन्ही सुमारे साडेआठशे किलोमीटरचे. कोणत्याने जाऊ? तुम्ही आम्हाला स्थितिज ऊर्जा शिकवली होती, म्हणून तुम्हालाच विचारतो."

लहान मोटारीचा प्रश्न असता तर मी म्हटले असते, "कोणत्याही रस्त्याने जा." पण मोटरहोम, ट्रेलर, त्यावरची मोटार आणि सामान मिळून दहा टन, म्हणजे १०,००० किलोग्रॅम वस्तुमान होते. एवढे ओझे रस्त्यावरून न्यायचे तर किलोमीटर मोजून भागत नाही. त्याचा हिशेब आपण मिळून करू या. नववी-दहावीच्या भौतिकीपलीकडचे त्यात काही नाही.

दोन रस्त्यांची ओळख

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत उभी आहे. पहिला रस्ता, म्हणजे आंतरराज्य महामार्ग ७०, सरळ या भिंतीवर चढतो. सुमारे ३,४०० मीटर उंचीवर तो आयसेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जातो. हा बोगदा सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा असून १९७३ साली खुला झाला. शेजारचा जोडबोगदा १९७९ साली पुरा झाला. बोगद्यापलीकडे रस्ता सुमारे ७०० मीटर खाली उतरतो, पुन्हा ३,२५० मीटर उंचीच्या व्हेल खिंडीवर चढतो आणि पुन्हा तितकाच उतरतो. पुढे तो कोलोरॅडो नदीच्या दरीतून युटामध्ये शिरतो.

दुसरा रस्ता आधी उत्तरेला वायोमिंग राज्यातील शायेनपर्यंत जातो व तेथून महामार्ग ८० ने पश्चिमेला वळतो. रॉकी पर्वताची भिंत येथे बरीच ठेंगणी आहे. या रस्त्याचा सर्वांत उंच माथा, शर्मन समिट, सुमारे २,६३० मीटरवर आहे. शायेनच १,८५० मीटरवर असल्यामुळे हा चढ फारसा जाणवत नाही. अखेरीस सॉल्ट लेक सिटीच्या आधी पार्लीज समिट हा २,१७० मीटर उंचीचा माथा लागतो आणि तेथून शहरात तीव्र उताराने उतरावे लागते.

देखाव्याच्या दृष्टीने पाहिले तर पहिला रस्ता कितीतरी सुंदर आहे. दुसऱ्यावर मैलोगणती उघडे, ओसाड माळ आहेत.

चढाचा हिशेब

रस्त्याचा चढ सहा टक्के आहे असे म्हणतात, तेव्हा शंभर मीटर पुढे गेल्यावर गाडी सहा मीटर वर जाते. अशा चढावर गाडीला मागे ओढणारे गुरुत्वाकर्षणाचे बल तिच्या वजनाच्या सहा टक्के असते. आपल्या गाडीचे वजन १०,००० × ९.८ = ९८,००० न्यूटन. त्याचे सहा टक्के म्हणजे सुमारे ५,८८० न्यूटन. टायरांचे घर्षण व हवेचा रोध यांचे मिळून ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १,७०० न्यूटन धरू. एकूण झाले ७,५८० न्यूटन.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गुणाकार केला तर सुमारे १,२७,००० वॅट, म्हणजे १७० अश्वशक्ती येते. एंजिन २५० अश्वशक्तीचे आहे. मग अडचण कोठे आली?

अडचण हवेत आहे. एंजिनाला पेट्रोल जाळण्यासाठी प्राणवायू लागतो. ३,४०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. एंजिनाच्या प्रत्येक श्वासात हवा कमी, म्हणून जळणारे इंधनही कमी. साध्या पेट्रोल एंजिनाची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. (हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर असेल तर ही घट पुष्कळ कमी होते.) २५० चे सत्तर टक्के १७५. त्यातले पंधरा टक्के गिअर व दंड फिरवण्यात गेले तर चाकांपर्यंत १५० च्या आसपास पोचतात. पाहिजेत १७०. म्हणजे गाडी ताशी ६० चा वेग राखूच शकत नाही. ती मंदावते, एंजिन पूर्ण जोराने चालत राहते आणि विरळ हवा त्याला नीट थंडही करू शकत नाही. अशा वेळी डाव्या-उजव्या बाजूने भरधाव गाड्या जात असतात आणि आपल्या मागे रांग लागते.

तरीही चढ हा फार तर मनस्ताप देतो. खरी परीक्षा माथ्यापलीकडे असते.

उताराचा हिशेब

डोंगरावर चढवलेल्या गाडीत स्थितिज ऊर्जा साठलेली असते. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न या गावापर्यंत सुमारे १३ किलोमीटरांत रस्ता ७०० मीटर खाली येतो. काही ठिकाणी उतार सात टक्क्यांपर्यंत आहे. या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा पाहा:

१०,००० × ९.८ × ७०० = ६ कोटी ८६ लक्ष ज्यूल.

माथ्यावर आणि पायथ्याशी गाडीचा वेग सारखाच ठेवायचा, म्हणजे ही सारी ऊर्जा वाटेत कोठेतरी खर्च झाली पाहिजे. टायरांचे घर्षण व हवेचा रोध मिळून १,७०० × १३,००० = २ कोटी २१ लक्ष ज्यूल काढून घेतात. उरतात साडेचार कोटींहून अधिक. एवढ्या उष्णतेने पंधरा लिटरच्या नऊ बादल्या पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल!

चालकाने केवळ ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली तर ही सारी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेकच्या लोखंडी भागांचे वस्तुमान १०० किलोग्रॅम धरू. एक किलोग्रॅम लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे ४५० ज्यूल लागतात. भागाकार करा. उष्णता बाहेर गेलीच नाही तर ब्रेकचे तापमान हजार अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात वाऱ्याने काही उष्णता निघून जाते, पण ब्रेक बिघडायला हजार अंश लागतच नाहीत. त्याच्या निम्म्याहून कमी तापमानालाच घासणाऱ्या पट्ट्यांची पकड सुटू लागते. ब्रेकच्या नळीतले तेल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. चालक पाय दाबतो, पायपट्टी तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये याच महामार्गावर, डोंगरातून डेन्व्हरकडे उतरणाऱ्या बाजूला, लेकवूड येथे ब्रेक गेलेला एक मालट्रक थांबलेल्या वाहनांवर आदळला. चार माणसे प्राणाला मुकली.

मग मालट्रक रोज सुखरूप कसे उतरतात? तुम्ही घाटात एस.टी.ने गेला असाल तर उताराला लागण्यापूर्वी चालक खालचा गिअर टाकतो आणि एंजिनाचा घरघराट वाढतो, हे तुमच्या लक्षात आले असेल. खालच्या गिअरमध्ये चाकेच एंजिनाला फिरवतात. पेट्रोल न घेता फिरणारे एंजिन हवा ओढण्या-दाबण्यात ऊर्जा खर्च करते, आणि ती उष्णता धुराच्या नळीतून व रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेक थंड राहतात. मधूनच ब्रेक ठाम दाबून वेग थोडा उतरवायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा. सतत हलका दाब ठेवणे हीच मोठी चूक.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ६० ऐवजी ४० ने उतरले तरी मोकळी होणारी ऊर्जा तेवढीच राहते. पण ती दीडपट वेळात वाटली जाते. त्यामुळे एंजिनाला आणि वाऱ्याला आपला वाटा उचलायला सवड मिळते.

एवढे करूनही गाडी हाताबाहेर गेली तर? त्यासाठी अशा उतारांवर बाजूला खोल, सुट्या खडीची चढती वाट करून ठेवलेली असते. गाडी तिच्यात घातली की चाके खडीत रुततात आणि गाडीची गतिज ऊर्जा खडी ढकलण्यात संपते. आपल्या खंडाळ्याच्या घाटात रेल्वेनेही याच तत्त्वावर चढते आडमार्ग ठेवलेले आहेत. त्यांना 'कॅच सायडिंग' म्हणतात.

वाऱ्याचा हिशेब

तर मग उत्तरेचा रस्ता निर्धोक का? नाही. तेथे शत्रू निराळा आहे. रॉकी पर्वताच्या उंच रांगांमधली ही ठेंगणी जागा वाऱ्यालाही सोयीची वाटते! पश्चिमेकडून येणारा वारा या फटीतून जोराने वाहतो, विशेषतः हिवाळ्यात. लॅरमी आणि रॉलिन्स या गावांमधला पट्टा त्यासाठी प्रसिद्धच आहे. वारा फार वाढला की उंच व हलक्या वाहनांना हा रस्ता बंद करतात.

उंच आणि हलक्याच का? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या उंचीवरील हवेत ताशी ९० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ३०० न्यूटन दाब देतो, तर ताशी ११० चा सुमारे ४६० न्यूटन. आता एक टन वजनाचा रिकामा, बंद पेटीसारखा ट्रेलर घ्या. त्याची बाजू १४ चौरस मीटरची आणि तिचा मध्य जमिनीपासून १.६ मीटरवर. ताशी ९० ला वारा त्याला ३०० × १४ × १.६ = ६,७२० न्यूटन-मीटरने उलटवू पाहतो. ट्रेलरचे वजन त्याला ९,८०० × १ = ९,८०० न्यूटन-मीटरने सावरते (चाकांमधल्या अंतराचे अर्धे, एक मीटर धरले आहे). ट्रेलर उभा राहतो. ताशी ११० ला मात्र उलटवणारा आकडा १०,३०० होतो, आणि ट्रेलर आडवा होतो. वारा वाढला थोडासाच, पण पारडे फिरले.

साडेसात टनांची मोटरहोम अशी उलटणार नाही. परंतु तिच्या २७ चौरस मीटरच्या भिंतीवर ताशी ९० चा वारा ८,००० न्यूटनहून अधिक बलाने रेटतो. मालट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच हा धक्का एकदम बसतो.

लांबी, उंची आणि शेपटीचे झोके

फोनमधला नकाशा रस्ता सांगतो तो बहुधा लहान मोटारीला. २०२१ च्या जुलैअखेर कोलोरॅडोतील ग्लेनवूड दरीत दरडी व चिखल येऊन महामार्ग ७० दोन आठवडे बंद पडला. अशा वेळी पर्यायी वाट म्हणून इंडिपेंडन्स खिंडीचा रस्ता नकाशावर दिसतो. पण तेथे ३५ फुटांहून, म्हणजे सुमारे १०.७ मीटरांहून लांब वाहनांना मनाई आहे. आपली गाडी ट्रेलरसह १४ मीटरची! आणि अरुंद रस्त्यावर ट्रेलरसह मागे वळणे किती कठीण, याची कल्पना करा.

उंचीचेही तसेच. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरॅम येथे रेल्वेच्या एका पुलाखाली केवळ ३.५६ मीटर जागा होती. किती ट्रकांची छपरे तेथे सोलून निघाली! शेवटी २०१९ साली तो पूल वीस सेंटिमीटरांनी उचलला. आपल्या गाडीची छपरावरच्या यंत्रासह उंची मोजून चालकापुढे चिकटवून ठेवावी.

ट्रेलरमधले ओझे मागे जास्त झाले तर वेग वाढताच तो लंबकासारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि झोके वाढतच जातात. म्हणून ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर येईल अशा बेताने मोटार त्यावर चढवतात.

निर्णय

मी विद्यार्थ्याला लिहिले: "जुलैत बर्फ नाही, वाराही हिवाळ्याच्या मानाने सौम्य. तुझा ट्रेलर उघडा आणि भरलेला आहे. तेव्हा उत्तरेने जा. दक्षिणेला मोठे उतार एकामागून एक आहेत. उत्तरेला खरा मोठा एकच, पार्लीजचा, पण तोही ७०० मीटरांच्या आसपास आहे हे विसरू नकोस. माथ्यावर थांब, ब्रेक तपास, खालचा गिअर टाक आणि मगच उतर. रोज सकाळी वाऱ्याची सूचना ऐक. वारा जोराचा असेल तर तो दिवस मुक्काम कर."

ऑगस्टमध्ये त्याचे उत्तर आले. रॉलिन्सला वाऱ्यामुळे त्यांचा एक दिवस मोडला. मुले कंटाळली, आजोबांनी त्यांना पत्ते शिकवले. पार्लीजच्या पायथ्याशी त्याने चाकाजवळ हात नेऊन पाहिला. ब्रेक कोमट होते. आणि आयसेनहॉवर बोगदा? परत आल्यावर एका रविवारी तो आईवडिलांना लहान मोटारीतून दाखवून आणला.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. ५० टनांची मालगाडी नको. तुमची सायकल घ्या. तुमचे व सायकलचे वस्तुमान मिळून ६० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही ३० मीटर उंचीच्या टेकडीवरून ब्रेक लावत, वेग न वाढवता उतरलात. ब्रेकमध्ये जास्तीत जास्त किती ज्यूल उष्णता जाईल? हिशेब करा. मग उतरून चाकाची कड बोटाने जपून चाचपून पाहा.