गाडी बसवायची, पण किती?

गाडी खाली घेणे म्हणजे तिची बॉडी आणि रस्ता यांतले अंतर कमी करणे. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते आणि चाक व मडगार्ड यांच्यामधली फट बुजते. बहुतेक मालकांना सलत असते ती ही फटच. वळणाचे कारण नंतर जोडलेले असते. मिरज-सोलापूर चौपदरी रस्त्यावर कवठे महांकाळपर्यंत अशी गाडी झकास पळते. महामार्ग सोडून देशिंग किंवा ढालगावच्या वाटेला लागले की हिशेब बदलतो.

हा हिशेब गतिरोधकापासून मांडावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या वर्तुळाची त्रिज्या 17 मीटर. पुढच्या-मागच्या चाकांत 2,450 मिलिमीटर अंतर असलेली छोटी हॅचबॅक त्यावर मधोमध आली, तरी तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात. माथा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम 44 मिलिमीटर वर राहतो. गाडीखाली 163 मिलिमीटर मोकळी जागा असेल, तर ती 35 मिलिमीटर खाली घेऊनही हा गतिरोधक बुडाला लागणार नाही. पण गावकऱ्यांनी एका रात्रीत घातलेला, हातभर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच गतिरोधक मानक पाहून बांधलेला नसतो. तिथे दोन्ही चाके सपाटीवर आणि उंचवटा गाडीच्या पोटाखाली, म्हणजे सगळे 150 मिलिमीटर वजा. गाडी मूळ उंचीला असली तरी उरतात 13. तेही गाडी रिकामी असताना. पाच माणसे बसली की चेंबर किंवा सायलेन्सर घासलाच.

जमिनीपासूनच्या उंचीइतकेच महत्त्व चाकाला वर सरकायला मिळणाऱ्या जागेला आहे, आणि नेमके तेच विसरले जाते. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की ते वर सरकते. बंप स्टॉपच्या रबराला टेकेपर्यंत त्याला समजा 75 मिलिमीटर जागा आहे. गाडी 25 मिलिमीटर खाली घेतली की 50 उरतात. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तेवढाच दणका रबराला न टेकता पचवायचा, तर स्प्रिंग सव्वादोन पट कडक हवी. इतकी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कुणी बसवत नाही. पाठीचे मणके साथ देणार नाहीत. गाडी खाली घेण्यासाठी तयार मिळणाऱ्या स्प्रिंगा साधारणपणे मूळ स्प्रिंगांपेक्षा थोड्याच कडक असतात, बाकीचा भार रबर सोसते. तेव्हा या भागात रोज फिरणारी गाडी 20-25 मिलिमीटरपेक्षा जास्त बसवण्यात शहाणपण नाही.

स्प्रिंग किती कडक हे तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या यांवर ठरते. त्यात जाडीचा वाटा मोठा, कारण तो चौथ्या घाताने वाढतो: बाकी सारे तसेच ठेवून 12 मिलिमीटरच्या तारेऐवजी 13 मिलिमीटरची तार घेतली तर स्प्रिंग सुमारे 38 टक्क्यांनी कडक होते. वेढे कमी केले तरी ती कडकच होते. सहा मोकळ्या वेढ्यांतला एक काढला की 20 टक्क्यांनी. ग्राइंडरने स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याची गॅरेजातली युक्ती यावरच चालते. स्वस्त पडते, पण कापलेले टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे तर त्याहून वाईट, कारण उष्णतेने पोलादाचा पाणीदारपणाच जातो. काही तयार स्प्रिंगांचे वरचे वेढे जवळजवळ असतात. ते आधी दबून मिटतात आणि मग उरलेले कडक वेढे काम करतात. खराब रस्त्याला या चढत्या कडकपणाच्या स्प्रिंगा बऱ्या.

स्प्रिंग भार पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सहसा चाक वर जाताना तो कमी अडवतो, स्प्रिंग परत उघडताना जास्त. स्प्रिंग 25 टक्क्यांनी कडक झाली तर तोच आवर राखायला शॉकअपचा जोर सुमारे 12 टक्क्यांनी वाढायला हवा. एवढी तफावत नवा मूळ शॉकअप सांभाळून घेतो. लाखभर किलोमीटर चाललेल्याला ते जमत नाही. चाकण आणि नाशिकला कारखाने असलेल्या गॅब्रिएलसारख्या कंपन्यांचे साधे बदली शॉकअप मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी बनतात. गाडी खूप खाली घेतली की त्यांचा दांडा कायम आत दबलेला राहतो आणि पिस्टन तळाशी आपटू लागतो. मग आखूड शॉकअपला पर्याय नाही.

जोडी जमली की नाही, हे जॅकवर कळते. गाडी उचलून चाक पूर्ण लोंबू द्यावे आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहावी. ती सैल खुळखुळली तर ती जोडी घेऊ नये. तीच स्प्रिंग खड्ड्यावर वाटीतून सरकेल.

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) असलेल्या गाडीत उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. चाकांचा वरचा भाग आत झुकतो, टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडतो आणि टायरची आतली कड झिजते. म्हणून नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालून बसल्या की अलाइनमेंट करून घ्यावे. हेडलाइटचा झोतही तेव्हाच जुळवावा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, म्हणून मोठ्या बदलाआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.