समासातली नोंद

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यजमानाचे नाव, गाव आणि कूळ एकाच पानावर असते. पान जाईल तिथे माहिती जाते. त्या पानाचे छायाचित्र संगणकात ठेवले की ही सोय संपते. फाइल-प्रणाली स्वतःहून नोंदते ते फाइलचे नाव, आकार, मालक आणि तारखा. तारीखही फाइलची, नामावळीतल्या नोंदीची नव्हे. मग कूळ आणि गाव कुठे लिहायचे?

फाइलच्या नावात कोंबले तर नाव लांबते. शेजारी वेगळी फाइल ठेवली तर दोघींची ताटातूट होते. तिसरा मार्ग ‘विस्तारित गुणधर्मां’चा. मूळ मजकुराला हात न लावता फाइलला ‘गाव : सिन्नर’ अशी जोडी चिकटवायची, जणू पोथीच्या समासातली टीप.

ही सोय रचताना पहिला प्रश्न जागेचा. लिनक्सच्या ‘एक्स्ट४’ प्रणालीत प्रत्येक फाइलची एक मूळ नोंद असते, सहसा २५६ बाइटची. तिच्यात उरलेल्या जागेत लहान टिपा मावतात. बाकीच्यांसाठी एक जादा खण मिळतो, बहुधा ४,०९६ बाइटचा. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नाशिक’ला १५ बाइट लागतात, रोमन लिपीतल्या ‘नाशिक’ला अवघे ६. त्यामुळे मराठी टीप लवकर जागा संपवते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. गावाचे नाव दुरुस्त करणाऱ्याला सुरक्षेची नोंद बदलता येऊ नये, म्हणून लिनक्सने यूझर, सिस्टम, सिक्युरिटी आणि ट्रस्टेड अशी चार दालने केली.

तिसरा शोधाचा. १९९० च्या दशकातल्या ‘बीओएस’ने गुणधर्मांची सूची राखली, त्यामुळे एका गावच्या साऱ्या फाइली झटकन सापडत. एक्स्ट४ अशी सूची ठेवत नाही. एकेक फाइल तपासावी लागते.

खरा धोका मात्र प्रवासात आहे. पेनड्राइव्हवरच्या ‘फॅट३२’मध्ये या टिपांना जागाच नाही. लिनक्सची नक्कल करण्याची साधी आज्ञाही, वेगळे सांगितल्याशिवाय, त्या सोबत नेत नाही. चित्र शाबूत पोहोचते, कुळाची ओळख मागे राहते आणि बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून जुनी कागदपत्रे जपणाऱ्यांनी विस्तारित गुणधर्म शोधाच्या सोयीपुरते वापरावेत. मूळ माहिती चित्राच्या फाइलच्या आतच भरावी, तिची साधी यादी वेगळी ठेवावी, आणि प्रत्येक नकलेनंतर दोन्ही ताडून पाहाव्यात.