बिडी असली की नकली?

मागल्या आठवड्यात धुळ्याकडचे एक शेतकरी दवाखान्यात आले. दोन महिन्यांचा खोकला. मी काही विचारण्याआधीच त्यांनी खिशातून बिडीचे बंडल काढून टेबलावर ठेवले. "डॉक्टरसाहेब, हा माल डुप्लिकेट निघाला. त्यानंच छाती बिघडली."

बंडल मी निरखून पाहिले. लेबल नामांकित कारखान्याचे, पण छपाई पुसट, अक्षरे एकमेकांवर चढलेली. त्यांची शंका बरोबर असावी. नकली माल ओळखायला लेबलच आधी पाहावे. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रासह धोक्याच्या सूचनेने व्यापलेला हवा. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबरही त्यात असतो. शिवाय उत्पादकाचे नाव-पत्ता व किंमत. यातले काही गायब असेल, किंवा छापील किमतीपेक्षा माल फारच स्वस्त मिळत असेल, तर संशय घ्यावा. चित्र नसलेली परदेशी सिगारेट बहुधा चोरट्या मार्गाने आलेली असते. सुटी घेणाऱ्याला तर पाकीट दिसतच नाही. सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय चालते ते आपण पाहतोच. गुटख्याबाबत असली-नकली हा प्रश्नच नको. २०१२ पासून तो विकणेच बेकायदा आहे.

परदेशातील तपासण्यांत नकली सिगारेटमध्ये शिसे व कॅडमियम जास्त आढळले आहे. हे ऐकून गृहस्थ खूश झाले व म्हणाले, "मग असली कुठं मिळंल, तेवढं सांगा!"

इथेच घोटाळा होतो. तेंदूच्या पानाची बिडी लवकर विझते, म्हणून जास्त झुरके, तेही जोरात, ओढावे लागतात. त्यामुळे असल बिडीतूनही निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड साध्या सिगारेटपेक्षा जास्तच पोटात, म्हणजे फुप्फुसात, जाते. तीस वर्षे ते असलच ओढत होते.

दोष बंडलाला देऊन त्यांनी दोन महिने घालवले, हे मला जास्त खटकले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी हवीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. बिडी ओढणाऱ्याच्या थुंकीत रक्त दिसले, वजन घटले किंवा आवाज बसला, तर एक दिवसही थांबू नये. त्यांना मी थुंकी तपासायला व छातीचा फोटो काढायला पाठवले आहे. जाताना त्यांनी बंडल परत मागितले. मी दिले नाही.