हिमवाहनाचा चालन-पट्टा
हिमवाहनाचा चालन-पट्टा : बर्फावरून धावणाऱ्या हिमवाहनास (स्नोमोबाइलला) पुढे रेटणारा अखंड रबरी पट्टा. वाहनाच्या पुढील भागी असलेल्या स्की केवळ दिशा देतात. गती या पट्ट्यामुळेच मिळते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतातील व्हॅल्कोर्ट येथील झोझेफ-आर्मां बोंबार्डिए (१९०७–६४) यांचा लहान मुलगा १९३४ मध्ये हिमाच्छादित रस्त्यांमुळे वेळेवर रुग्णालयात नेता न आल्याने दगावला. त्यांना १९३७ मध्ये दातेरी चाक व पट्टा यांच्या योजनेचे एकस्व मिळाले. १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाजारात आणले. निर्जन प्रदेशात पट्टा तुटल्यास प्रवासी बर्फात अडकून पडतो. म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी महत्त्वाची ठरते.

रचना : रबरात बळकटीसाठी धाग्यांचे थर व आडव्या काचतंतूंच्या कांड्या बसविलेल्या असतात. बाहेरील कंगोरे बर्फात रुततात, तर आतील उंचवट्यांना पुढील आसावरील दातेरी चाके रेटा देतात. पट्ट्याचा खालचा भाग प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्यांखालून घसरतो. त्यांना थंडावा व वंगण बर्फापासूनच मिळते. त्यामुळे उघड्या रस्त्यावर किंवा कठीण हिमावर दीर्घकाळ चालविल्यास त्या तापून झिजतात.

तपासणी : इंजिन बंद करून व किल्ली काढून वाहनाची मागील बाजू भक्कम आधारावर उचलतात आणि पट्टा हाताने फिरवून पाहतात. फाटलेल्या कडा, उघडे पडलेले धागे, मोडक्या कांड्या, तुटलेले कंगोरे किंवा निसटलेल्या धातूच्या पकडी आढळल्यास दुरुस्तीपूर्वी वाहन वापरू नये. साचलेला बर्फ काढून टाकावा.

ताण : खालच्या भागाच्या मध्यावर ठराविक वजन टांगून किंवा तानकाट्याने ओढून झोळ मोजतात. वजन व झोळ यांची मूल्ये निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असतात. पट्टा ढिला असल्यास उंचवटे दातेरी चाकांवरून उसळून झिजतात; फार ताणलेला असल्यास शक्ती वाया जाते व सरकपट्ट्या लवकर झिजतात. मागील आसाच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी ताण बदलतात. दोन्हींकडील ताण असमान असल्यास पट्टा ढिल्या बाजूकडे सरकतो. म्हणून स्क्रू थोडे थोडे फिरवून दर वेळी पुन्हा पाहावे लागते.

दक्षता : पट्टा सरळ धावतो की नाही, हे पाहण्यासाठी इंजिन चालू करावेच लागते आणि खरा धोका याच वेळी संभवतो. फिरणाऱ्या पट्ट्यातून सुटलेला खिळा, खडा किंवा बर्फाचा तुकडा वेगाने मागे फेकला जातो. त्यामुळे मागील संरक्षक झडप बसवलेली असावी, आधाराला मागे आडोसा असावा, वेग अत्यल्प ठेवावा आणि वाहनाच्या पुढे वा मागे कोणीही उभे राहू नये. सैल कपडे, हात व अवजारे पट्ट्यापासून दूर ठेवावीत. स्क्रूंना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून पट्टा पूर्ण थांबू द्यावा.