चकलीचं तेल वांग्यावर काढू नका!

दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले आणि पँटचं बटण लागेना? टेन्शन नको, भो! जळगाव-धुळ्याकडे कमबॅकचं सगळं सामान घरातच आहे. चला, सुरू!

माहीत आहे का? सणासुदीत वजन आपल्याला वाटतं तेवढं वाढतच नाही! अमेरिकेत १९५ जणांना सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं केलं. २००० साली निकाल छापून आला. सरासरी वाढ होती फक्त ०.३७ किलो. म्हणजे पावशेर आणि वर अदपाव, बस्स! मेख पुढे आहे. सुट्टीत चढलेलं हे वजन पुढच्या महिन्यांत उतरलं नाही. दरवर्षीचा अदपाव-पावशेर असाच साचत जातो. म्हणून चाल आत्ताच करायची.

मग भाऊबीजेनंतर काटा एकदम दोन किलो पुढे कसा? पाणी, मंडळी! शरीर जादा पिठूळ-गोड ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वरून चिवड्या-शेवेचं मीठ. पहिल्या आठवड्यात जे झरझर उतरतं, ते बहुतेक हेच पाणी. चरबीचा नंबर त्यानंतर.

आता हिरोची एंट्री. जळगावचं भरताचं वांगं, जीआय मानांकनवालं! कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर ही हिरवी, मोठाली वांगी. साल काळी पडून तडकते, आतून फसफस पाणी सुटतं, धुराचा वास कपड्यांत बसतो. सोलायचं, भाजलेल्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी मुसळीने ठेचायचं, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. शेजारी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीला उडदाची जोड. प्रोटीन पावडरचा डबा आणायची गरज काय?

आणि हिशोब ऐका. १०० ग्रॅम वांग्यात कॅलरी साधारण २५. एका मोठ्या चमचाभर तेलात १२०. म्हणजे जवळपास अर्धा किलो वांगं बरोबर एक चमचा तेल! भरीत बिचारं हलकंफुलकं, त्याला जड करते ती फोडणी आणि मूठमूठ शेंगदाणे. पळीऐवजी चमचा घ्या, भरीत तेवढंच फक्कड लागतं. म्हण आहे वड्याचं तेल वांग्यावर काढायची. यंदा चकलीचं तरी काढू नका.

टायमिंगही बघा! चातुर्मास पाळणारी घरं वांगं सोडतात आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीनेच पुन्हा सुरू करतात. ही तिथी लक्ष्मीपूजनानंतर साधारण पाच आठवड्यांनी येते. फराळ पचवायला कॅलेंडरनेच वेळ काढून ठेवलाय.

केळं सोडलंत? जळगावात राहून? मध्यम केळ्यात कॅलरी शंभराच्या आसपास, तीसुद्धा तंतू आणि पोटॅशियमसकट. वॉकनंतर एक केळं म्हणजे एकदम ओके.

जिमवाल्यांनो, माहीत आहे का? ट्रेडमिल मूळची तुरुंगातली शिक्षा! १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांसाठी पायऱ्यांचं अवजड चाक बनवलं. कैद्यांनी तासन् तास चढत राहायचं, चाकाने धान्य दळायचं किंवा पाणी उपसायचं. नावातली ‘मिल’ ती हीच.

तुरुंगावरून धुळं आठवलंच पाहिजे. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या जेलमध्ये होते. दर रविवारी एक अशी गीतेवर १८ प्रवचनं त्यांनी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हे सगळ्यांना ठाऊक. पण पुढचं बघा. १९५१ मध्ये भूदानासाठी हाच माणूस पायी निघाला तेव्हा वय ५५! त्यानंतर तेराएक वर्षं, हजारो किलोमीटर, गावोगाव, रोज पहाटे उठून पुढचा मुक्काम. ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हे ऐकवायलाच हवं. मला तरी याहून मोठा फिटनेस आयकॉन सापडत नाही.

रोज १० हजार पावलं? ती डॉक्टरांनी ठरवलेली नाहीत! १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र आलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मीटर’. आकडा जाहिरातीतून आला आणि जगभर चिकटला. तेव्हा जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सहा हजार झाली तरी छाती फुगवा. उद्या साडेसहा करा.

धावायचंय? १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, तेव्हा ज्योत मुंबईहून आली. धावपटूंनी टप्प्याटप्प्याने पळत आणली! ऑलिम्पिकची ज्योत पळवत न्यायची रीतही त्याच वर्षी बर्लिनला सुरू झाली. खान्देश ट्रेंडच्या मागे नव्हता, बरोबरीने पळत होता.

रॅकेट आवडते? राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील जळगावच्या एम. जे. कॉलेजात टेबल टेनिस गाजवत होत्या. पिंग, पाँग, राष्ट्रपती भवन!

माती आवडते? चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. जोर-बैठकांना सबस्क्रिप्शन लागत नाही.

आणि तालीम सुटून वर्ष झालं असेल तर ही खास खूशखबर. व्यायामाने स्नायूंच्या पेशींत केंद्रकं वाढतात. व्यायाम थांबला की स्नायू बारीक होतो, पण ती केंद्रकं टिकून राहतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. जुना पैलवान परत मातीत उतरला की नवख्याच्या आधी अंगात येतो, हे वस्ताद पूर्वीपासून सांगतातच.

शेवटचं आणि माझं सगळ्यात लाडकं. चरबी जाते कुठे, माहीत आहे का? घामात? फारशी नाही. १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. धुळ्याची थंडी तर तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे कानटोपी घालून पांझरेकाठी निघा, झपाझप चाला आणि तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे बघा. लाडूचा थोडासा भाग त्या वाटेने चाललाय!