शंका कुठवर?

बँकेत असताना सही नमुन्याशी ताडून पाहणे हे माझे रोजचेच काम. एकदा एका वृद्ध पेन्शनरांची सही जुळेना. मी स्लिप परत केली. "साहेब, हात थरथरतो हो, माणूस तोच आहे," ते म्हणाले. मी ऐकले नाही. ते रिकाम्या हाताने गेले.

निवृत्तीनंतर देकार्त वाचला. १६४१ सालच्या 'मेडिटेशन्स'मध्ये त्याने इंद्रियांवर, जागेपणावर, अगदी गणितावरही शंका घेतली. उरला तो शंका घेणारा 'मी'. त्या पायावर मग तो ज्ञान पुन्हा उभारू लागला. शंका ही त्याची वाट होती, मुक्काम नव्हे.

माझी शंका मात्र सहीपाशीच थांबली. कार्डावरचा नमुनाच जुना झाला असेल, ही शंका काही मला शिवली नाही!